डायनासोरचे जीवाश्म ओळखताना आणि सांगाडा उभा करताना : या चुका टाळा

पुण्यात कोणी ‘डायनासोरचे अंडे सापडले’ असे म्हणून गोल दगड आणून दाखवला, की मी प्रथम त्या दगडाविषयी काही विचारत नाही. तो नेमका कोठे मिळाला, एवढेच विचारतो. उत्तर वेताळ टेकडी, कात्रजचा घाट किंवा दिवे घाट असे आले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही, कारण पुणे आणि त्याच्या भोवतालचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहेत, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थिजलेला लाव्हा आहे. त्या काळी भारतात डायनासोर होते, हे खरे आहे आणि गोंधळाचे मूळही तेथेच आहे. परंतु हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात हाड किंवा अंडे टिकत नाही. ते टिकते नदीच्या गाळात, चुनखडीयुक्त मातीत आणि वाळूत. असे गाळाचे खडक मध्य भारतात लाव्हाच्या थरांखाली आढळतात आणि त्यांना ‘लमेटा’ असे नाव आहे. जबलपूर, नर्मदेचे खोरे, गुजरातमधील बालासिनोरजवळचे रहिओली आणि आपल्या राज्यातील चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा व डोंगरगाव ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. म्हणून पहिली चूक दगड चुकीचा ओळखण्याची नसून खडकाचा प्रकार न पाहताच दगडाकडे वळण्याची आहे.

आता त्या गोल दगडांविषयी. काळा पाषाण हवापाण्याने झिजताना कोपऱ्यांकडून लवकर झिजतो आणि मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे उरतात. त्या पापुद्र्याला लोक अंड्याचे कवच समजतात. लमेटामधील टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांच्या गटाची अंडी साधारणपणे 12 ते 20 सेंटिमीटर व्यासाची असतात, त्यांचे कवच काही मिलिमीटर जाडीचे आणि एकेरी असते, आणि भिंगातून पाहिल्यास त्यावर बारीक गुठळ्या व श्वसनाची छिद्रे दिसतात. गोट्याला पापुद्र्याखाली दुसरा आणि दुसऱ्याखाली तिसरा पापुद्रा असतो. शिवाय त्या अंड्यांची घरटी समूहाने आढळतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली गेली. घाटातल्या मुरमातील एकट्या गोट्याला असे शेजारी नसतात.

दगडावरची काळी, नेच्याच्या पानासारखी नक्षी बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. ती वनस्पती नव्हे. लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत तयार झालेल्या पांढऱ्या झिओलाइटच्या स्फटिकांना दात किंवा हाड समजणारेही भेटतात. वाघोलीच्या खाणींतील खनिजे जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत, तेव्हा ती त्यांच्या खऱ्या नावाने जपण्यात काहीच कमीपणा नाही. दगड जिभेला चिकटतो का, हे पाहण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते, पण सच्छिद्र मुरूमही जिभेला चिकटतो. त्यापेक्षा तुटलेली कड पाहावी : हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत जाळीदार, दिशा असलेली रचना असते, तर पोकळ्या असलेल्या लाव्हात ती छिद्रे कशीही विखुरलेली असतात.

ओळखीच्या चुका नवशिक्यांच्याच होतात, असे मात्र कोणी समजू नये. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे 1980 च्या दशकात सापडलेल्या एका घरट्यात अंड्यांजवळची लहान हाडे नुकत्याच जन्मलेल्या डायनासोरच्या पिलाची मानली गेली होती. अनेक वर्षांनी पुन्हा तपासताना त्यांतले मणके सापाचे आहेत, हे लक्षात आले आणि 2010 मध्ये त्या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. हे उमगू शकले, कारण तो खडकाचा तुकडा अखंड ठेवला होता आणि हाडे ज्या स्थितीत होती, त्याच स्थितीत जपली गेली होती. कोणी हौसेने प्रत्येक हाड सुटे करून डबीत भरले असते, तर घरट्यात शिरलेला साप आपल्याला कधीच दिसला नसता.

तुकडा जमिनीतून ओढून काढू नये, ही सूचना म्हणूनच सर्वांत महत्त्वाची आहे. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव, नाला, थर आणि दिशा वहीत लिहावी, तुकड्यांना क्रमांक द्यावेत आणि मगच तज्ज्ञांना विचारावे. पुण्यात डेक्कन कॉलेज, आघारकर संशोधन संस्था आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग अशी अभ्यासाची ठिकाणे आहेत. पुणे जिल्ह्यात नदीकाठच्या जुन्या गाळात कधी खरोखर हाड मिळाले, तर ते डायनासोरचे नव्हे, तर हिमयुगातील बैल, हत्ती अशा सस्तन प्राण्यांचे असण्याचाच संभव अधिक. त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

स्वच्छ करण्याच्या नादात झालेले नुकसान भरून येत नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा फरशी पुसण्याचे आम्ल लावले, की चुनखडी विरघळते आणि तिच्याबरोबर हाडाचे कॅल्शियम फॉस्फेटही विरघळू लागते. प्रयोगशाळेत सौम्य आम्ल वापरतात, पण हाडाला संरक्षण देऊन आणि दीर्घकाळ देखरेखीखाली. तुटलेला तुकडा पांढऱ्या गोंदाने चिकटवणे किंवा त्यावर फर्निचरचे वॉर्निश फासणे ही दुसरी घोडचूक आहे, कारण ते पुढे नीट काढता येत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-72 नावाची राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात; ती पुन्हा ॲसिटोननेच उतरवता येते. घरी करायचेच असेल, तर मऊ कोरडा ब्रश वापरावा आणि तेवढ्यावर थांबावे.

सांगाड्याकडे वळल्यावर विषय अधिक रंगतो, आणि माझा अधिक जीव येथेच आहे. इग्वानोडॉन या शाकाहारी डायनासोरला 1825 मध्ये नाव देणाऱ्या गिडिअन मँटेल यांनी त्याचे टोकदार हाड नाकावरच्या शिंगाच्या जागी दाखवले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी 1854 मध्ये उभारलेल्या पुतळ्यांवरही ते शिंग होते. बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत 1878 मध्ये अनेक सांगाडे मिळाले, तेव्हा ते हाड अंगठ्याचे असल्याचे स्पष्ट झाले. परंतु तेच सांगाडे उभे करताना दुसरी चूक झाली. कांगारूसारखी शेपटी टेकून प्राणी ताठ बसवण्यात आला आणि त्यासाठी शेपटीला जो बाक द्यावा लागला, तो मणके निखळल्याशिवाय शक्यच नव्हता. शेपटीवर हाडासारख्या कठीण झालेल्या कंडरांचे जाळे होते आणि ती जवळजवळ सरळच राहत असे. पुरावा समोर असूनही मनातले चित्र जिंकले. न्यूयॉर्कमध्ये 1915 मध्ये उभा केलेला टायरॅनोसॉरसही असाच शेपटी टेकून होता. त्याचा पाठकणा आडवा करायला 1990 चे दशक उजाडावे लागले.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तारेचे किंवा पुठ्ठ्याचे सांगाडे बनवणाऱ्या मुलांची नेहमीची तक्रार अशी, की ‘आमचा डायनासोर पुढे पडतो’. मग पायाला जड ठोकळा बांधला जातो किंवा शेपटी खाली वाकवून टेकवली जाते. उपाय उलट आहे. शेपटी पुरेशी लांब आहे का, ते मोजावे, ती जमिनीला समांतर धरावी आणि संपूर्ण सांगाडा खुब्यापाशी दोऱ्याने टांगून पाहावा. तो समतोल राहिला, की पायांवरही उभा राहतो. डायनासोरांच्या ठशांच्या बहुतेक मार्गांवर फरफटलेल्या शेपटीची रेघ नसते, हा त्याचा दगडातला पुरावा.

पाय घोरपडीसारखे बाजूला फाकलेले दिसत असतील, तर मांडीचे हाड तपासावे. त्याचे वरचे टोक आतल्या बाजूला वळलेले असते आणि ते खुब्यातील आरपार छिद्रात बसते, त्यामुळे पाय शरीराखाली सरळ येतो. मांसाहारी डायनासोरांचे तळवे जमिनीकडे वळवू नयेत; टाळी वाजवताना असतात, तसे ते एकमेकांसमोर ठेवावेत. टायरॅनोसॉरसला प्रत्येक हाताला दोनच पूर्ण बोटे द्यावीत. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातले प्लेसिओसॉर यांना डायनासोरांच्या फलकावर बसवू नये.

सर्वांत खोल चूक मात्र कवटीच्या बाबतीत होते, कारण डोक्याशिवाय सांगाडा पाहवत नाही. लांब मानेच्या ब्रोन्टोसॉरसला दीर्घकाळ दुसऱ्याच प्रकारचे आखूड, जाड डोके दिले गेले. पिट्सबर्गच्या संग्रहालयात त्याच्या अगदी जवळच्या अपॅटोसॉरसच्या सांगाड्यावर 1979 मध्ये योग्य कवटी बसवण्यात आली. भारतीय सांगाड्यांना हा धोका अधिक आहे. कोलकात्यात उभा असलेला बारापासॉरस हा लांब मानेचा डायनासोर गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातला आहे आणि त्याची सुमारे 300 हाडे किमान सहा प्राण्यांची आहेत. कवटी त्यांत नाही. नावातील ‘बारा’ हा आकडा नसून ‘मोठा पाय’ असा त्या नावाचा अर्थ आहे, आणि मांडीचे सुमारे 1.7 मीटरचे हाड पाहिल्यावर तो पटतो. रहिओलीजवळच्या राजासॉरस या मांसाहारी डायनासोरला 2003 मध्ये नाव मिळाले. त्याचा मेंदूकोश, खुबा आणि काही मणके व पायांची हाडे हाती आहेत, पण पुस्तकांत दिसणारा त्याचा संपूर्ण चेहरा नातेवाईक प्राण्यांवरून भरलेला आहे. तसे भरण्यात गैर काही नाही. भरलेले आणि मिळालेले एकाच रंगात रंगवणे गैर आहे.

गेल्या वर्षी एका शाळेतील मुलांनी आयसिसॉरस हा टायटॅनोसॉर गटातला डायनासोर बनवायला घेतला, तेव्हा मी त्यांना एवढेच सुचवले होते, की मिळालेली हाडे तपकिरी करा आणि न मिळालेली कोरी ठेवा. त्यांनी मान, पाठ, शेपटी, खुबा आणि पुढचा पाय तपकिरी केला, मागचे पाय पांढऱ्या पुठ्ठ्याचे ठेवले आणि डोक्याच्या जागी नुसती तार वाकवली. पाहायला आलेला जवळजवळ प्रत्येक पालक त्या तारेपाशी थांबून विचारत होता, आणि मुले खालच्या पाटीवर बोट ठेवत होती : ‘आयसिसॉरस. डोंगरगाव, जिल्हा चंद्रपूर. कवटी आणि मागचे पाय अजून मिळालेले नाहीत.’