माजी सैनिकाच्या सेवा नोंदींत दुरुस्ती कशी करून घ्यावी

सेवा नोंदीतील चूक जवान हयात असेपर्यंत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पेन्शन दरमहा खात्यात जमा होत असते. खरी अडचण उभी राहते ती त्याच्या पश्चात, पत्नी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज करते तेव्हा, आणि चूक कशी झाली याचा खुलासा करू शकणारा माणूस त्या वेळी नसतो. म्हणून हे काम माजी सैनिकाने स्वतःच, हातीपायी धड असताना, उरकून घ्यावे.

प्रथम डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीच्या वेळी मिळालेले पुस्तक), पी.पी.ओ. (पेन्शन देण्याचा आदेश) आणि पती-पत्नी दोघांची आधार व पॅन कार्डे शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंगसह अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आपल्याकडे एका कागदावर ‘शांता’, दुसऱ्यावर ‘शांताबाई’, कोठे आडनाव आधी तर कोठे शेवटी, तर कोठे पत्नीचे माहेरचे नाव तसेच राहिलेले, असे सर्रास आढळते. पत्नीच्या जन्मतारखेकडे विशेष लक्ष द्यावे. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या स्त्रीला वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के आणि ८५ व्या वर्षापासून ३० टक्के जादा रक्कम मिळते. तारीख नोंदलेलीच नसेल किंवा चुकीची असेल, तर तिचे वय सिद्ध करण्यातच महिने जातात आणि हक्काचे पैसे अडकून पडतात.

पी.पी.ओ. हा रेकॉर्ड ऑफिसने, म्हणजे सेवा नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाने, पाठवलेल्या माहितीवरून निघतो. त्यामुळे मूळ सेवा नोंद तशीच ठेवून केवळ बँकेत नाव बदलून घेतल्यास प्रश्न सुटत नाही. अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच करावा लागतो: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्ससाठी (लष्करी अभियंत्यांचा गट) खडकी. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्प येथे, तर वायुसैनिकांच्या दिल्लीत सुब्रोतो पार्क येथे असतात.

अर्जात आर्मी नंबर त्याच्या शेवटच्या इंग्रजी अक्षरासह लिहावा, कारण ते अक्षर गाळल्यास कागद शोधणे अवघड होते. त्यापुढे हुद्दा, नाव, पी.पी.ओ. क्रमांक, सध्या असलेली नोंद आणि हवी असलेली नोंद एकाखाली एक द्यावी. सोबत दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि आधार, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी किंवा जन्म दाखला यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. अर्जाचा नमुना आणि मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. खेड्यातून येणाऱ्या वृद्ध जवानांनी व वीरपत्नींनी एजंटाला पैसे देण्याआधी तेथे जरूर जावे. अर्ज पोच देय टपालाने पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी.

विवाह, अपत्यजन्म यांसारख्या कौटुंबिक नोंदी लष्करात पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे अशा बदलांची नोंद करणाऱ्या लेखी आदेशाने, होतात, म्हणून लग्न किंवा मुलाचा जन्म नोंदायचा राहून गेला असेल, तर तशी ऑर्डर प्रसिद्ध करण्याची स्पष्ट मागणी करावी. मूळ नोंद सुधारल्यावर पी.पी.ओ.ची दुरुस्ती, म्हणजे कॉरिजेंडम, निघतो. तो निघाला की ‘स्पर्श’ या संरक्षण दलांच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर आपल्या खात्यात बदल दिसतो का, हे स्वतः तपासावे.

जवानाची स्वतःची जन्मतारीख मात्र वेगळी बाब आहे. भरतीच्या वेळी दिलेली तारीख सेवेच्या अखेरीस किंवा त्यानंतर बदलून देण्यास सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नकार दिलेला आहे. कार्यालयाकडून नक्कल करताना झालेली चूक दाखवता येत असेल, तरच त्या मागे लागण्यात अर्थ आहे.

उत्तरच न आल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. मागणी लेखी नाकारली गेली, तर आधी वरिष्ठांकडे दाद मागावी, कारण उपलब्ध मार्ग संपल्याशिवाय सशस्त्र दल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणारे न्यायपीठ) सहसा अर्ज दाखल करून घेत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तेथे जावे लागते. त्यामुळे नकाराचे पत्र ज्या लिफाफ्यातून आले, तो तारखेच्या शिक्क्यासह ठेवून द्यावा.