पोस्टग्रेसचा डेटाबेस चाचणीसाठी नव्या नावाने कॉपी करताना

नक्कल त्याच सर्व्हरवर हवी असेल तर काम एका ओळीचं आहे: क्रिएट डेटाबेस दुकान_चाचणी टेम्प्लेट दुकान (इथे 'दुकान' हा मूळ डेटाबेस आणि 'दुकान_चाचणी' ही त्याची नक्कल). त्याआधी पीजी_डेटाबेस_साइझने आकार बघा आणि डिस्कवर तेवढी जागा मोकळी आहे ना, याची खात्री करा. पोस्टग्रेसच्या आवृत्ती 15 पासून कॉपीचा प्रत्येक ब्लॉक वॉलमध्येही (म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये, डब्ल्यूएएल) लिहिला जातो, त्यामुळे थोडी जास्तच जागा धरा. डेटाबेस मोठा असेल तर स्ट्रॅटेजी फाइल_कॉपी द्या. त्यात वॉल फुगत नाही, पण सुरुवातीला आणि शेवटी चेकपॉइंट होतो, म्हणजे मेमरीतले सगळे बदल डिस्कवर लिहिले जातात. गर्दीच्या वेळी तो सर्व्हरला जड जातो.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांना एकच एरर येते: मूळ डेटाबेस इतर युजर वापरत आहेत. कॉपी करताना मूळ डेटाबेसवर दुसरं एकही कनेक्शन चालत नाही, अगदी पीजीअॅडमिन या व्यवस्थापनाच्या टूलची उघडी राहिलेली खिडकीसुद्धा. सेशन (चालू कनेक्शन) नुसते मारून उपयोग नाही, कारण अॅपचा कनेक्शन पूल, म्हणजे अॅपने तयार ठेवलेली कनेक्शन्स, लगेच परत जोडला जातो. म्हणून स्वतः सर्व्हरवरच्या 'पोस्टग्रेस' नावाच्याच दुसऱ्या डेटाबेसला जोडून घ्या, मूळ डेटाबेसवर अलाउ_कनेक्शन्स फॉल्स करा, मग पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने उरलेले सेशन तोडा आणि कॉपी करा. झाल्यावर ट्रू करायला विसरू नका, नाहीतर अॅप बंदच राहील.

चालू प्रॉडक्शन असं थांबवता येत नाही. तिथे पीजी_डम्पने कस्टम फॉरमॅटमध्ये डम्प घ्या, टेम्प्लेट0 या पोस्टग्रेससोबतच येणाऱ्या कोऱ्या नमुन्यावरून रिकामा डेटाबेस तयार करा आणि पीजी_रिस्टोअरला त्याचं नाव, चार जॉब्स (एकाच वेळी चार कामं) आणि नो-ओनर (मूळ मालकी लावू नका) हे पर्याय द्या. डम्प चालू असताना वाचन-लेखन सुरू राहतं, फक्त ऑल्टर टेबलसारख्या कमांड ताटकळतात. रिस्टोअरला क्रिएटचा पर्याय मात्र देऊ नका. तो दिला की डेटा तुम्ही सांगितलेल्या नावात न जाता डम्पमधल्या मूळ नावात जातो. सोबत क्लीन (आधीचं काढून टाका) हा पर्याय असेल तर त्याच सर्व्हरवरचा मूळ डेटाबेस आधी ड्रॉप होतो! रिस्टोअर संपल्यावर अॅनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा, नाहीतर क्वेरी उगाच संथ वाटतील.

आता नकलेत काय आलं ते तपासा, खरी जोखीम इथेच आहे. फॉरेन सर्व्हर (दुसऱ्या सर्व्हरशी केलेली जोडणी) आणि युजर मॅपिंग (तिथे लॉगिन करण्याची माहिती) जसंच्या तसं येतं, म्हणजे चाचणीतला इन्सर्ट थेट खऱ्या रिमोट टेबलात जाऊ शकतो. टेबलात साठवलेल्या पेमेंट गेटवेच्या चाव्या आणि मेल सर्व्हरची सेटिंगही येतात. ती बदलल्याशिवाय अॅप जोडू नका. याउलट, टेम्प्लेटने कॉपी केल्यास डेटाबेसवरचे ग्रँट-रिव्होक (दिलेले-काढलेले हक्क) येत नाहीत. मूळ डेटाबेसवर पब्लिकचा (म्हणजे सर्व युजरचा) कनेक्ट हक्क काढलेला असला, तरी नकलेत तो सर्वांना पुन्हा मिळतो. तो लगेच रिव्होक करा. ऑल्टर डेटाबेस सेटने दिलेला सर्च_पाथही (टेबलं कोणत्या स्कीमात शोधायची ती यादी) नव्याने द्यावा लागतो.

ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर, ईमेल एका अपडेटने बदला. नवा ईमेल त्या ग्राहकाच्या टेबलातल्या आयडी क्रमांकावरून बनवा आणि डोमेन एक्झाम्पल डॉट कॉम ठेवा, म्हणजे चुकून मेल गेला तरी तो कुणा ग्राहकाला पोहोचत नाही. मात्र अपडेटनंतर जुन्या ओळी फाइलमध्ये तशाच पडून असतात. डेटाच्या फाइली कुणाला देणार असाल तर आधी व्हॅक्यूम फुल (जुन्या ओळी वगळून टेबल नव्याने लिहिणारी कमांड) चालवा, किंवा बदललेल्या नकलेचाच ताजा डम्प द्या.

नक्कल काढून टाकताना कुणी जोडलेलं असेल तर आवृत्ती 13 पासून ड्रॉप डेटाबेसला विथ फोर्स लावता येतं. एंटर दाबण्यापूर्वी नाव नीट वाचा.