चेन घेताना आधी आकडा पाहावा

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन आडतीवर जाते, दिवाळीच्या सुमारास कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा हाती येतो आणि लातूर, जालना, परभणी, नांदेडच्या सराफ्यात गर्दी होते. त्या गर्दीतली अनेक कुटुंबे एखादी सोन्याची चेन घेऊन घरी परततात. पुढे मृगाच्या तोंडावर बी-बियाणे आणि खताची जुळवाजुळव सुरू झाली की तीच चेन गहाण पडते किंवा मोडीत निघते. म्हणून आपल्या भागात चेन निवडताना ती गळ्यात किती वर्षे टिकेल आणि मोडायची वेळ आलीच तर किती सोने परत देईल, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. ती दिसते कशी, हा प्रश्न मी जाणीवपूर्वक तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळ्याच चेन सुंदर दिसतात.

दुकानात शिरण्यापूर्वी चेन रोज वापरायची आहे की महालक्ष्म्या, येळवस (वेळा अमावस्या) आणि लग्नसराईपुरती, हे घरीच ठरवावे. सणाच्या दागिन्याला नक्षी, मीनाकाम, नाजूक जाळी सगळे चालते. वर्षातून दहा वेळा गळ्यात पडणारा गोफ सहसा झिजत नाही. रोजची चेन मात्र घाम, साबण, पदराची पिन, कडेवरच्या लेकराची ओढ आणि झोपेतली कूस हे सारे सोसते. तिच्यासाठी साधी, भरीव कडीची आणि शक्य असल्यास आठ ते दहा ग्रॅमची चेन घ्यावी, असे माझे मत आहे. तीन-चार ग्रॅममध्ये वीस इंची चेन बसवायची म्हटले की तार केसासारखी बारीक होते आणि अशा चेनमध्ये लॉकेट घातले की वरची कडी लवकर कापली जाते. पैसे तेवढेच असतील तर थोडे थांबून पुढच्या हंगामात घेतलेली बरी.

सर्वांत जास्त फसगत पोकळ चेनमुळे होते. पोकळ चेन म्हणजे खोटी चेन नव्हे. सोने बावीस कॅरेटचेच असते, फक्त कडी तारेची नसून पातळ पत्र्याच्या नळीची असते. त्यामुळे सहा ग्रॅमची चेन बारा ग्रॅमच्या चेनइतकी जाड दिसते आणि लग्नाच्या फोटोत शोभते. आमच्या घरी धाकट्या बहिणीला अशीच दोरीच्या पिळाची चेन घेतली होती. चार महिन्यांत भाच्याने ती धरून ओढली, एका जागी चपटी झाली आणि आठवडाभरात तिथेच तुटली. दुरुस्तीला नेली तेव्हा कारागिराने भिंगातून पाहिले आणि सांगितले की डाग देण्यासाठी, म्हणजे कडी सांधण्यासाठी, ज्योत लावली तर शेजारच्या दोन कड्याही वितळून बसतील. ती चेन मोडीत गेली आणि भरलेली मजुरी बुडाली. चेन पोकळ आहे का, हे सराफाला थेट विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे. हातात घेतल्यावर जाडीच्या मानाने ती फुलासारखी हलकी वाटली, तर प्रश्न विचारायलाच हवा.

कडीच्या प्रकारांची नावे दुकानागणिक बदलतात, पण गुण बदलत नाहीत. एकात एक अडकवलेल्या साध्या लंबगोल कड्यांची चेन सर्वांत सोयीची, कारण एक कडी तुटली तर तेवढीच जोडता येते. चपट्या कड्यांची, म्हणजे पिळून दाबलेली चेन गळ्यावर सपाट बसते आणि पुरुषांच्या गळ्यात ती टिकाऊ ठरते. चौकोनी डब्यांसारख्या कड्यांची बॉक्स चेन मजबूत असली तरी तिच्या कोपऱ्यांत मळ साचतो. सापाच्या अंगासारखी गुळगुळीत चेन मात्र रोजच्या वापरासाठी मी कुणालाही सुचवणार नाही. ती एकदा दुमडली की तिथे कायमची मोड बसते आणि ती सरळ करणे चांगल्या कारागिरालाही अवघड जाते.

आता आकड्याकडे, म्हणजे चेनची दोन टोके अडकवणाऱ्या हुकाकडे येऊ, कारण चेन बहुतेक वेळा मधून तुटत नाही, टोकाशी सुटते. सराफाने चेन गुलाबी कागदावर ठेवली की ग्राहकाची नजर मधल्या लॉकेटवर जाते. ती आवरून चेन उलटी फिरवावी आणि दोन्ही टोके उजेडात धरावीत. आकडा ज्या छोट्या कडीत अडकतो, ती डाग देऊन बंद केलेली आहे की नुसती दाबून मिटवलेली, हे नखाने तपासावे. नख फटीत अडकले तर ती कडी तिथेच जोडून मागावी. पाच मिनिटांचे काम असते. साधा एस आकाराचा आकडा दुरुस्त करायला सोपा असतो, पण वर्षानुवर्षे उघडझाप होऊन तो सैल पडतो. खटका दाबून उघडणाऱ्या आकड्यात बहुधा पोलादी स्प्रिंग असते आणि आत पाणी राहिले तर ती गंजते. मळसूत्राचा आकडा सुरक्षित असतो, पण वयस्कर माणसाला स्वतःच्या हाताने मानेमागे फिरवता येत नाही. आईसाठी किंवा आजीसाठी चेन घेत असाल तर तो त्यांनाच दुकानात दोनदा लावून-काढून पाहू द्यावा.

शुद्धतेबाबत आज ग्राहकाचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असणे बंधनकारक झाले. चेनवर हे शिक्के आकड्याजवळच्या छोट्या पट्टीवर असतात आणि नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत, म्हणून सराफाकडे भिंग मागावे. ते मागण्यात संकोच नको. तिथे भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, बावीस कॅरेटसाठी ९१६ किंवा अठरा कॅरेटसाठी ७५० हा आकडा आणि एचयूआयडी अशा तीन खुणा दिसल्या पाहिजेत. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये घातला की शुद्धता, हॉलमार्क केंद्र आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हातात चेन आणि पडद्यावर अंगठी असा प्रकार असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला ही सक्ती नाही, त्यामुळे लहान मुलांच्या अगदी बारीक चेनवर शिक्का नसू शकतो. शंका आली तर ग्राहक स्वतः हॉलमार्क केंद्रात ठरावीक शुल्क भरून दागिना तपासून घेऊ शकतो आणि शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद नियमांत आहे. 'केडीएम' या शब्दाला मात्र भुलू नये. डाग देण्यासाठी कॅडमियम वापरण्याची ती जुनी पद्धत असून तिची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते. तो शब्द म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे.

किमतीचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, दहा ग्रॅमची बावीस कॅरेटची चेन आहे आणि मजुरी बारा टक्के सांगितली आहे. सोन्याच्या भाषेत तुम्ही ११.२ ग्रॅमचे पैसे देता आणि त्यावर तीन टक्के जीएसटी धरला तर आकडा साडेअकरा ग्रॅमच्या पुढे जातो. पुढे मोड करताना मात्र जास्तीत जास्त दहा ग्रॅमचेच पैसे मिळतात, शिवाय काही ठिकाणी घट धरतात ती वेगळीच. म्हणजे मजुरी आणि कर मिळून दीड ग्रॅम सोने घरात कधी येतच नाही. जो दागिना अडीअडचणीला मोडावा लागू शकतो, त्याची मजुरी म्हणूनच कमीत कमी असावी. मशीनची साधी चेन सहसा कमी मजुरीत मिळते आणि घासाघीस सोन्याच्या भावावर न करता मजुरीवर करावी. भाव सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. वर्तमानपत्रात येणारा भाव पुष्कळदा चोवीस कॅरेटचा असतो आणि बावीस कॅरेटचा दर त्याच्या साधारण ९१.६ टक्के असायला हवा, एवढे गणित मोबाईलवर करून पाहावे. वजन करताना काटा आधी शून्यावर आहे ना, हे पाहावे आणि पंखा बंद करायला सांगावा. मिलिग्रॅम दाखवणारा काटा वाऱ्यानेही हलतो. जुनी माणसे तोळ्याची भाषा बोलतात, पण आजचा बाजारातला तोळा दहा ग्रॅमचा आहे आणि आजीच्या काळातला सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. घरात 'पाच तोळ्यांचा' म्हणून सांगितलेला गोफ काट्यावर ठेवल्याशिवाय त्यावर वाटणीचे बोलणे करू नये.

लांबीसाठी घरून दोरा नेणे उत्तम. आरशासमोर दोरा गळ्यात धरून हवी तिथे गाठ मारावी आणि तोच दुकानात मोजावा. बहुतेकांच्या गळ्यात अठरा इंची चेन गळ्याच्या हाडाजवळ बसते, वीस-बावीस इंची थोडी खाली आणि चोवीस इंची छातीवर येते. मंगळसूत्र रोजचे असेल तर चेनची लांबी त्यापेक्षा दोन इंच तरी कमी-जास्त ठेवावी; सारख्या लांबीचे दोन दागिने एकमेकांवर घासत राहतात आणि काळ्या मण्यांची तार आधी तुटते. ती गाठवायला पटवेकऱ्याकडे जावे लागते आणि चांगले पटवेकरी आता गावोगावी उरलेले नाहीत.

वापरताना साधा क्रम पाळावा: पावडर, अत्तर, तेल आधी आणि चेन सर्वांत शेवटी, काढताना चेन सर्वांत आधी. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घाम आणि पावडर मिळून कड्यांत काळपट चिखल होतो आणि मानेवर पुरळ उठते. लोक सोन्याला दोष देतात, पण बहुतेक वेळा तो मळाचा असतो. रानात कामाला जाताना, विशेषतः मळणी यंत्रापाशी उभे राहताना, गळ्यात चेन असूच नये. तिथे प्रश्न सोन्याचा नसून मानेचा आहे. एसटीत चढतानाच्या रेटारेटीत आणि दुचाकीवर मागे बसताना चेन पदराखाली किंवा शर्टाच्या आत घ्यावी.

धुण्यासाठी स्टीलच्या पसरट वाटीत कोमट पाणी घ्यावे, रात्री भिजवलेले दोन-तीन रिठे त्यात चुरून फेस करावा आणि चेन पंधरा मिनिटे बुडवून ठेवावी. रिठा नसेल तर अंगाच्या सौम्य साबणाचे दोन थेंब चालतात. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने कडी-कडीच्या फटीत हलक्या हाताने घासावे. टूथपेस्ट, सोडा, राख यांनी चकाकी येते ती सोने खरवडून, ते टाळावे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने शेवटची धुवणी केली तर वाळल्यावर पांढरा थर राहतो, म्हणून अखेरचे पाणी जारचे घ्यावे. मोरीवर चेन कधीही धुऊ नये. मऊ सुती पंच्याने टिपून ती पंख्याखाली तासभर पूर्ण वाळू द्यावी, आकड्यातले पाणी विशेषतः. पोकळ चेन बुडवू नये, ओल्या कापडाने पुसावी. मोती किंवा पोवळे असलेल्या चेनला साबण लावू नये. फरशी पुसण्याची क्लोरीनची द्रावणे आणि फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा यांच्यापासून चेन दूर ठेवावी. पारा लागताच सोने पांढरे पडते.

दारावर येऊन 'दागिने चमकवून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती चेन देऊ नये, मग तो आधी पितळी समई फुकट घासून देवो की कंपनीचे ओळखपत्र दाखवो. सोने आम्लराजात, म्हणजे दोन तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळते आणि असे लोक त्याच द्रावणात चेन बुडवून पाच-दहा मिनिटांत तिचे वजन उतरवतात. मग हळदीच्या पाण्यासह ती कुकरमध्ये ठेवून 'अर्ध्या तासाने उघडा' असे सांगून निघून जातात. दुपारच्या वेळी घरात एकट्या असणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून ठेवावे.

ठेवताना प्रत्येक चेनचा आकडा लावून ती वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावी. एका डबीत दोन चेन ठेवल्या की गुंता होतो आणि तो सोडवताना बारीक कडी ताणली जाते. पावतीचा आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवावा. दुरुस्तीला देण्यापूर्वी आणि घेताना, दोन्ही वेळा वजन समोर करून पावतीवर लिहून घ्यावे. दिवाळीच्या साफसफाईत एकदा चेन दोन बोटांत धरून उन्हात सावकाश सरकवावी. लॉकेट लटकते तिथली आणि आकड्याशेजारची कडी आतून खाचलेली दिसली, तर ती तुटण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात बदलून घ्यावी.