पिक्चरचे तुकडे पाडायचे कसे (वही-पेन घेऊन बसा)

तुकडे म्हणजे पिक्चरच्या गोष्टीचे भाग, गोष्ट कुठे कुठे वळते ते शोधायचं. सगळ्यात आधी पिक्चर एकदा नुसता बघून घ्या, वही न घेता. पहिल्याच वेळी लिहायला बसलं की ना धड बघून होतं ना धड लिहून, माझं झालंय. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर लावा म्हणजे खाली मिनिटं दिसतात, आणि वहीत तीन रकाने आखा: मिनिट, काय घडलं (एकच ओळ, कादंबरी नको), आणि तिसरा, खरा कामाचा, ज्याची गोष्ट आहे त्याला आत्ता काय पाहिजे.

बरेच जण जागा बदलली, दिवस बदलला की नवा तुकडा धरतात. तसं केलं तर शंभर तुकडे होतात आणि हातात काही लागत नाही. तुकडा तिथे पाडायचा जिथे तिसऱ्या रकान्यातलं उत्तर बदलतं, बस.

दुसरी चूक इंटरव्हलची. आम्हा इंदूरवाल्यांना इंटरव्हल म्हणजे कचोरीची लाईन, आणि आपल्याला वाटतं गोष्ट पण तिथेच मोडते. कधी मोडते, कधी नुसता एक झटका देऊन तुम्हाला बाहेर पाठवतात आणि आत आल्यावर मागचंच पुढे चालू. म्हणून इंटरव्हलला वहीत वेगळ्या रंगाने खूण करा, तुकडा समजू नका.

थिअरी थोडक्यात सांगतो. पटकथा शिकवणाऱ्या सिड फील्डने १९७९ मधे तीन अंकांचा (नाटकात असतात तसे तीन भाग) हिशोब मांडला, दोन तासांच्या पिक्चरमधे साधारण ३०, ६०, ३० मिनिटं. सिनेमाची अभ्यासक क्रिस्टिन थॉम्पसन म्हणते की तो मधला ६०चा ढीग खरं तर दोन वेगळे भाग आहेत, म्हणजे एकूण चार, प्रत्येकी २० ते ३० मिनिटांचे. मला हे जास्त पटतं, कारण मधे कुठेतरी हिरोचा प्लॅन बदलतोच. पण हे हॉलिवूडचं माप, आपल्या तीन-साडेतीन तासांच्या पिक्चरवर जसंच्या तसं बसवू नका. अजून एक हिशोब रिळांचा आहे: हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, आणि जुन्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर रिळं किती ते लिहिलेलं असायचं. तेवढ्या-तेवढ्या मिनिटांनी काही नवं घडतं का ते बघा, मजा येते.

आता 'लगान' घ्या, २००१चा, घरात सगळ्यांना पाठ असलेला. आधी हिरो भुवनला (आणि गावाला) पाहिजे लगान माफ. मग इंग्रज अधिकारी रसेल क्रिकेट मॅचची शर्त लावतो, जिंकलात तर तीन वर्षं लगान नाही, हरलात तर तिप्पट, आणि भुवन हो म्हणून बसतो. इथे पहिला तुकडा संपला, आता त्याला पाहिजे गावाची साथ. मग पाहिजेत टीमसाठी अकरा जण. इथपर्यंत आमच्या घरात कोणाचा वाद नव्हता.

भांडण मॅचवर झालं. मॅच तीन दिवसांची, मी सरळ तीन तुकडे केले. आत्या भाजी निवडत होती, तिथूनच म्हणाली, "अरे, दिवस मोजून काय करशील, लाखाचं काय?" बरोबर होतं तिचं. लाखा भुवनच्याच टीममधला, पण आतून रसेलला मिळालेला; पहिल्या दिवशी तो मुद्दाम कॅच सोडतो आणि संध्याकाळी पकडला जातो, त्या रात्री प्रश्न मॅच जिंकण्याचा उरतच नाही, फितूर माणसाला मारायचं की टीममधे ठेवायचं हा होतो. म्हणजे ती एक रात्र हाच आख्खा तुकडा, छोटासा, पण आहे. दुसऱ्या दिवशी लाखा जीव तोडून कॅच घेतो तेव्हा तो बंद होतो. मी रात्रीला वहीत जागाच ठेवली नव्हती, वर बाण काढून कोंबावी लागली.

गाण्यांचं एक. गाणं आलं की पेन खाली ठेवू नका. प्रॅक्टिसचं गाणं असेल तर आठवड्यांचं काम पाच-सहा मिनिटांत उरकतं, गाण्याआधी आणि गाण्यानंतर तिसरा रकाना काय म्हणतो ते लिहा. दोन्हीकडे तेच उत्तर असेल तर गाणं तुकड्याच्या पोटात, वेगळं उत्तर असेल तर दोन तुकड्यांमधला सांधा म्हणजे ते गाणंच.

शेवटी मिनिटांची वजाबाकी करा. एक तुकडा ५ मिनिटांचा आणि शेजारचा ५० चा निघाला तर आधी स्वतःवर शंका घ्या, त्या ५० मिनिटांत कुठेतरी एक लाखा सुटलेला असतो.