पोलंडची दुर्मिळ तिकिटं ओळखायची कशी? चित्र नंतर, आधी काळी शाई

शाळेत असताना स्टेशनरीच्या दुकानात 'शंभर परदेशी तिकिटं' असं पाकीट मिळायचं. त्यातून हमखास निघायचा तो पोलंड. डायनोसॉर, फुलपाखरं, जहाजं, आणि वर ठळक अक्षरांत 'पोल्स्का'. कोपऱ्यात गोल शिक्क्याचा पाव भाग, इतका स्वच्छ की कंपासनं काढल्यासारखा. तिकीट उलटं केलं तर मागचा डिंक जसाच्या तसा. ही तिकिटं कधी पत्रावर लागलेलीच नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. छापखान्यातून निघाली, शिक्का खाल्ला आणि थेट संग्राहकांच्या पाकिटात गेली. १९६५ सालचा दहा डायनोसॉरांचा संच तेव्हा आमच्या वर्गात राजा होता. आजही तो किरकोळ पैशांत मिळतो.

तेव्हा घरातल्या जुन्या अल्बममध्ये पोलंडचं पान सापडलं, तर आनंद जरा जपून. कोपऱ्यात शिक्का आणि मागे पूर्ण डिंक असलेली साठ-सत्तरच्या दशकातली रंगीत तिकिटं नातवंडांना द्या. पैसा आणि खरी गंमत, दोन्ही त्याच्या आधीच्या काळात आहे.

त्याचं कारण इतिहासात आहे. १७९५ ते १९१८ पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये देश परत उभा राहिला तेव्हा स्वतःची तिकिटं छापायला वेळ कुठला? पोस्टात जर्मन आणि ऑस्ट्रियन तिकिटांचे गठ्ठे पडून होते. त्यांच्यावरच काळ्या शाईत 'पोच्ता पोल्स्का', म्हणजे पोलंडचं पोस्ट, असं छापून ती विकायला काढली. या देशाच्या दुर्मिळ तिकिटांची बरीचशी किंमत त्या दोन शब्दांत आहे. आणि दुर्दैवानं, खोटे छापायला सगळ्यांत सोपेही तेच दोन शब्द.

पायरी १ : तिकिटाआधी हत्यारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सपाट टोकाचा चिमटा, कडेचे दाते मोजायची पट्टी आणि अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी. हे सगळं एका बऱ्या तिकिटाच्या किमतीत येतं. त्यापुढचा खर्च कॅटलॉगचा. पोलंडसाठी फिशर हा तिथलाच कॅटलॉग सर्वांत तपशीलवार. तो पोलिश भाषेत आहे, पण आकडे आणि चित्रं कळायला भाषा लागत नाही. नाहीतर जर्मन मिशेल चालेल.

विक्रेत्यांची वर्णनं वाचायला मात्र चार-पाच शब्द पाठ करून ठेवा. झ्नाचेक म्हणजे तिकीट, नाद्रुक म्हणजे वर छापलेला ठसा, चिस्ती म्हणजे कोरं, कासोवानी म्हणजे शिक्का बसलेलं आणि ग्वारांत्स्या म्हणजे तज्ज्ञाची हमी. हा शेवटचा शब्द वर्णनात नसेल आणि तिकीट महाग असेल, तर पुढे सरका.

आणि कॅटलॉगमधला भाव हा बाजारभाव नव्हे. तो चांगल्या स्थितीतल्या, खात्रीच्या नगाचा वरचा आकडा. दाते तुटलेलं, मागचा कागद पातळ झालेलं तिकीट त्याच्या काही हिश्शातच जातं.

पायरी २ : स्वस्तात डोळा तयार करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फसतात. ५ डिसेंबर १९१८ ला वॉर्सातून निघालेला ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटांवर वरून ठसा छापलेला, संच घ्या. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी वॉर्सा ताब्यात घेतलं होतं आणि तिथे 'जनरल गव्हर्नमेंट वॉर्सा' असा ठसा मारलेली, जर्मानियाच्या (जर्मनीचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) चित्राची तिकिटं चालत होती. पोलिश पोस्टानं त्या जर्मन मजकुरावर आडव्या जाड रेघा मारल्या आणि आपलं नाव छापलं. संचातली साधी तिकिटं भरपूर निघाली, त्यामुळे ती आजही परवडतात. आठ-दहा घ्या. कोरी थोडी, वापरलेली थोडी.

आता एक तिकीट टेबलावर ठेवून दिवा बाजूला, खाली आणा. प्रकाश तिरका पडला की खिळ्यांनी (छापखान्यातल्या धातूच्या अक्षरांनी) दाबून छापलेलं अक्षर कागदात किंचित रुतलेलं दिसतं. भिंगातून अक्षराची कड पाहा. दाबामुळे शाई मधून बाहेर सरकते आणि कडेला जरा गडद रेघ धरते, चहाच्या कपाचा डाग वाळल्यावर दिसतो तशी. तिकीट उलटं करा. मागच्या बाजूला अक्षरांचा हलका उठाव बोटाला नाही तरी डोळ्याला जाणवतो. हे दहा-वीस वेळा पाहिलं की घरच्या प्रिंटरवर काढलेला ठसा लगेच परका वाटतो. त्यात भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात, किंवा शाई कागदावर नुसती प्लास्टिकसारखी बसलेली असते.

अर्थात सगळीच खोटी तिकिटं आजची नाहीत. १९२०च्या सुमारासच, खऱ्या खिळ्यांनी, खऱ्या छापखान्यात बनवलेली बनावट तिकिटं भरपूर आहेत. तिथे ही परीक्षा पुरत नाही.

पायरी ३ : क्राकोची परीक्षा

दक्षिणेत क्राकोला ऑस्ट्रियाची सत्ता होती. तिथे जानेवारी १९१९ मध्ये ऑस्ट्रियन तिकिटांवर 'पोच्ता पोल्स्का' छापलं. यातलं दहा कोरोनांचं (कोरोना म्हणजे तेव्हाचं ऑस्ट्रियन चलन) तिकीट म्हणजे पोलिश संग्राहकांचं स्वप्न, देशाच्या सर्वांत दुर्मिळ तिकिटांपैकी एक. ज्या ऑस्ट्रियन तिकिटावर ते छापलं ते मूळ तिकीट मात्र स्वस्त. म्हणजे ठसा नसताना काही रुपये आणि ठशासह एक मोटारसायकल! खोटारड्यांना आणखी काय हवं?

माझी फजिती याच संचातली. दहा कोरोनांचं नव्हे, धाकट्या किमतीचं एक तिकीट मी एका ऑनलाइन लिलावात घेतलं. भाव बरा वाटला, चित्र झकास, शिक्का तर इतका सुबक की त्यावरची तारीखही वाचता येत होती. तिकीट घरी आल्यावर दोन दिवस कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी भिंग लावून तारीख नीट वाचली तर १९१७. ठसा निघाला १९१९ ला आणि त्यावरचा शिक्का दोन वर्षं आधीचा! कुणीतरी वापरलेल्या ऑस्ट्रियन तिकिटावर निवांत बसून 'पोच्ता पोल्स्का' छापलं होतं. तारीख मी लिलावाच्या फोटोतही वाचू शकलो असतो. वाचली नाही.

त्यामुळे वापरलेलं ओव्हरप्रिंट तिकीट समोर आलं की आधी दोन गोष्टी. पहिली, शिक्क्याची तारीख. ठशाच्या आधीची असेल तर विषय संपला. तारीख अर्धवट असेल तर शिक्का कोणत्या शहराचा हे वाचा, कारण क्राकोचा ठसा असलेलं तिकीट व्हिएन्नाच्या शिक्क्यासह कसं येईल? दुसरी, शाईचा क्रम. खऱ्या तिकिटावर आधी ठसा छापला गेला, मग ते विकलं, मग पोस्टात शिक्का बसला. म्हणजे शिक्क्याची शाई ठशाच्या वर हवी. जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात ती जागा शोधा आणि भिंगाखाली हळूहळू तिकीट फिरवा. ठशाचं काळं अक्षर शिक्क्याच्या रेघेला अखंडपणे कापून वर बसलेलं दिसलं, तर उलटा क्रम झाला. दोन्ही शाया काळ्या असतील तर हे अवघड जातं, डोळे दुखतात; पण एकदा जमलं की त्यासारखी दुसरी परीक्षा नाही.

उलटा छापलेला ठसा दिसला की हुरळून जाऊ नका. अशा 'चुका' संग्राहकांसाठी मुद्दामही केल्या गेल्या.

पायरी ४ : पोलंड क्रमांक १

हे तिकीट ओव्हरप्रिंट नाही, पण पारतंत्र्याची गोष्ट तीच. १८६० च्या जानेवारीत, रशियन झारच्या ताब्यातल्या पोलंडच्या राज्यात, वॉर्सामध्येच छापलेलं दहा कोपेकांचं निळं-गुलाबी तिकीट. त्यावरचा मजकूर पोलिश भाषेत, पण दुतोंडी गरुड रशियाचा, आणि त्या गरुडाच्या छातीवरच्या ढालीत पोलंडचा गरुड. १८६३ चा उठाव चिरडल्यावर हा वेगळेपणाही रशियाला नको झाला आणि १८६५ मध्ये तिकीट बंद झालं. त्यानंतर पोलंडला पुढचं तिकीट मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

घ्यायचं ठरलंच तर शिक्का वाचा. एकात एक चार वर्तुळं आणि मध्ये आकडा, हा त्या काळचा ठरावीक शिक्का. आकडा म्हणजे पोस्ट ऑफिसचा क्रमांक; १ म्हणजे वॉर्सा. १ चे शिक्के सर्वांत जास्त सापडतात. लहान गावाचा आकडा असेल तर तेच तिकीट कितीतरी महाग होतं, आणि म्हणूनच आकडा खोडून बदललेला नाही ना, हे भिंगानं तपासायचं. दाते पट्टीवर साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान यायला हवेत. जुन्या महाग तिकिटांना नवे दाते पाडणं, फाटलेला कोपरा चिकटवणं, पातळ जागा भरणं हे उद्योग सर्रास झालेत. अतिनील प्रकाशात दुरुस्तीची जागा बहुधा वेगळी चमकते. १९६० मध्ये पोलंडनं तिकिटाच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या संचात या तिकिटाचं चित्र आहे. तो संच घेऊन चित्राची ओळख करून घ्या, स्वस्त शिकवणी.

पायरी ५ : १९५० चा 'ग्रोशी' आणि दोन मिनिएचर शीट

२८ ऑक्टोबर १९५० ला पोलंडनं आपलं चलन, म्हणजे झ्वोती, बदललं. (ग्रोशी म्हणजे झ्वोतीचा शंभरावा भाग, आपल्या पैशासारखा.) लोकांकडचे शंभर जुने झ्वोती एका नव्यावर आले. घरातल्या रोकडीचा एका रात्रीत पालापाचोळा झाला. जुन्या तिकिटांवरची झ्वोतीची किंमत आता ग्रोशीत वाचायची, म्हणून 'ग्रोशी' असा ठसा मारायचा आदेश निघाला. गावोगावच्या पोस्टांनी आपापले शिक्के बनवले. त्यामुळे ठशांचे तिसाहून अधिक प्रकार, वेगवेगळ्या रंगांच्या शाया. काही जोड्या अगदी दुर्मिळ. पण रबरी शिक्का कुणीही कोरू शकतो, म्हणून इथे मी स्वतःच्या डोळ्यावर अजिबात भरवसा ठेवत नाही. सुरुवातीला या भानगडीत पडूच नये.

मिनिएचर शीट म्हणजे एक-दोन तिकिटं छापलेला, भोवती कोरी कड असलेला छोटा कागद. त्यांत १९२८ च्या वॉर्सा प्रदर्शनाचं आणि १९४८ चं रूझवेल्टचं शीट ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्हींत मागचा डिंक आणि कडा पाहा. कड खराब झाली म्हणून कापलेली शीट कॅटलॉगमधल्या मापाला लहान भरतात. पट्टी लावली की कळतं.

पायरी ६ : हमी

महाग तिकीट पोलिश फिलाटेलिस्ट (तिकीटसंग्राहक) संघाच्या किंवा जर्मन परीक्षक संघाच्या तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रासह घ्या. मागच्या बाजूला नुसता बारीक सहीचा शिक्का असेल तर तो अर्धी हमी समजा. या सह्यासुद्धा खोट्या बनतात. प्रमाणपत्रावर त्याच तिकिटाचा फोटो असतो, तो दात्यांगणिक ताडून पाहा. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टमचा संभाव्य खर्च आधीच किमतीत धरा.

आणि एक कोल्हापूरचं

पोलंडच्या टपाल इतिहासाचा एक तुकडा आपल्या दारात आहे. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून इराणमार्गे ते भारतात आले. अनेकांचे वडील-भाऊ जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात इटलीत लढत होते. म्हणजे वळिवड्याहून पत्रं गेली, आली. त्यांच्यावर पोलिश तिकीट नसतं. सहाव्या जॉर्जचं साधं भारतीय तिकीट, युद्धकाळातला सेन्सॉरचा शिक्का, पोलिश अक्षर आणि पत्त्यात वळिवडे कॅम्प. जुन्या बाजारात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात असं पाकीट हाती लागलं, तर त्यावरचं तिकीट चार आण्यांचं समजून पाण्यात भिजवून सुटं करू नका. पाकीट, आतलं पत्र, मागचा पत्ता, फाटलेला कोपरा, सगळं तसंच आम्लरहित प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सरकवा.