बीपी आणि अंजायनाची कॉम्बिनेशन गोळी: घ्यायची कशी, सांभाळायचं काय

बीपी वाढलेलं आहे आणि चढ चढताना छातीत दाटून येतं (हाच अंजायना, हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं), असं दोन्ही असलं की डॉक्टर बरेचदा दोन औषधं एकाच गोळीत देतात. सोय आहेच, दोन-दोन स्ट्रिपा सांभाळायला नकोत, विसरणं कमी होतं. पण घोळ पण इथेच होतो. गोळी एक दिसते म्हणून आपण तिला एकच औषध समजतो, मग काय त्रास झाला तर नक्की कशामुळे ते कळत नाही, आणि कधीकधी त्यातलंच एक औषध दुसऱ्या स्ट्रिपमधून परत पोटात जातं.

आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, लागला तर मोबाईलचा टॉर्च लावा. बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन आणि त्याच्या जोडीला एक बीटा ब्लॉकर असतो, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा नेबिवोलॉल. पुढे आकडे असतात, समजा ५ एमजी आणि ५० एमजी. तीच जोडी ५ आणि २५ मध्ये पण मिळते आणि पाकीट जवळपास सारखंच दिसतं, त्यामुळे नवीन स्ट्रिप आणली की जुन्या रिकाम्या स्ट्रिपशी आकडे जुळवून बघायचेच. आणि आधी नुसती ॲम्लोडिपिन चालू होती आणि आता कॉम्बिनेशन दिलं असेल तर जुनी बंद करायची का हे डॉक्टरांना तोंडाने विचारून घ्या, जुनी डबीत तशीच राहते आणि सवयीने दोन्ही गिळल्या जातात.

दोन औषधं का, तर कामं वेगळी आहेत. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे बीपी उतरतं आणि हृदयाला रक्त पण बरं मिळतं. बीटा ब्लॉकर हृदयाचे ठोके आणि जोर कमी करतो, म्हणजे हृदयाला ऑक्सिजन लागतोच कमी. ही दुसरी आयडिया औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांची, बाकीचे हृदयाला पुरवठा वाढवायच्या मागे होते तेव्हा ते म्हणाले मागणीच कमी करू, त्यातून प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर आला आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पहिली गोळी घ्यायच्या आधी हे सांगितलंय का?

दमा, आधीपासूनच स्लो असलेली नाडी किंवा हार्ट ब्लॉक (म्हणजे हृदयातले विजेचे सिग्नल अडणं, रक्तवाहिनीतला ब्लॉकेज नाही), किडनीचा त्रास, शुगर, प्रेग्नन्सी. यातलं काहीही असेल तर न विचारता स्वतःहून सांगा. दम्यात बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळू शकतात. अटेनोलॉल शरीराबाहेर किडनीतूनच जातं, म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. शुगरवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, शुगर एकदम खाली गेली की जी धडधड होते आणि हात थरथरतात ते बीटा ब्लॉकरमुळे जाणवेनासं होऊ शकतं, घाम मात्र येतो. तेव्हा कारण नसताना दरदरून घाम फुटला तर लगेच ग्लुकोमीटर काढा.

रोज एकच वेळ

सकाळ असो की रात्र, डॉक्टरांनी सांगितलेली वेळ धरा आणि ती बदलत बसू नका. मेटोप्रोलॉलची हळूहळू सुटणारी गोळी असेल तर जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घ्या, आणि ती चावायची किंवा कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. सुरुवातीचे काही दिवस अंथरुणातून उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा, चक्कर येऊ शकते. ॲम्लोडिपिनची रक्तातली पातळी स्थिर व्हायला रोज गोळी घेऊन ७-८ दिवस लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी बीपी उतरलं नाही म्हणून अर्धी गोळी जास्त घ्यायची नाही.

विसरलात तर? आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली गोळी सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही.

बीपीबरोबर नाडी पण लिहा

मशीन दंडाचं घ्या. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या लेव्हलला, पट्टा बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर करा आणि सरासरी काढा. घरी साधारण १३५/८५ च्या खाली असावं असं धरतात, पण तुमचं टार्गेट तुमचे डॉक्टर ठरवतील. लोक वरचे दोन आकडे लिहितात आणि खालचा पल्स सोडून देतात, या गोळीत तोच महत्त्वाचा. पल्स वारंवार ५० च्या खाली येतोय आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा खूप थकवा असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद नाही

सगळ्यात मोठी चूक ही. आकडा छान आला, बरं वाटतंय, मग कशाला गोळी, असं म्हणून लोक थांबतात. अहो, तो आकडा गोळीमुळेच आलाय. आणि बीटा ब्लॉकर अचानक तोडला तर नुसतं बीपी वाढून भागत नाही, इतके दिवस आवरून धरलेलं हृदय एकदम जोरात धावायला लागतं, अंजायना उसळतो, हार्ट अटॅक पण येऊ शकतो. बंद करायचंच असेल तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात आणि तेवढे दिवस दगदग कमी करायला सांगतात. म्हणून स्ट्रिपमध्ये शेवटच्या ७ गोळ्या राहिल्या की नवीन आणा, प्रवासात दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा.

पाय सुजले तर

संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर इलॅस्टिकची खोल खूण दिसते, ही बरेचदा ॲम्लोडिपिनची करामत. सहसा किडनी बिघडली असा त्याचा अर्थ नसतो आणि लघवी जास्त होणाऱ्या गोळीने ही सूज फारशी उतरत पण नाही, तेव्हा मनाने तसली गोळी सुरू करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. पण सुजेबरोबर धाप लागत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल तर लगेच दाखवा. हातपाय गार पडणं, थकवा, हे बीटा ब्लॉकरकडचं. हिरड्या फुगल्या तर ॲम्लोडिपिन, डेंटिस्टला गोळीचं नाव सांगा.

बाकीची औषधं

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरने बीपी चढतं, सर्दीच्या गोळीतलं नाक मोकळं करणारं औषध पण तेच करतं. ॲसिडिटीचं औषध आणि अटेनोलॉल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अटेनोलॉल नीट शोषलं जात नाही. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम (ही पण बीपी-हृदयाचीच औषधं) चालू असेल तर आवर्जून सांगा, बीटा ब्लॉकरबरोबर नाडी धोकादायक स्लो होऊ शकते. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन असेल तर ॲम्लोडिपिनबरोबर ते २० एमजीच्या वर देत नाहीत. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब कुणाला औषध वाटतच नाहीत, पण तो पण बीटा ब्लॉकरच आहे आणि डोळ्यातून रक्तात जातो.

छातीत दुखायला लागलं तर

ही रोजची गोळी चालू असलेला अटॅक थांबवत नाही, जास्तीची घेऊन उपयोग नाही. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिली असेल तर आधी खाली बसा, मग ती ठेवा, उभ्याने घेतली तर बीपी पडून कोसळाल. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, तर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि स्वतः गाडी चालवू नका. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट चालत नाही, बीपी जीवघेणं खाली जातं, इथे लाजून गप्प राहू नका, ॲम्ब्युलन्सवाल्यांना पहिलं हेच सांगा.

ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्ट्रिपच दाखवा. त्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची की नाही ते तेच सांगतील, उपाशी राहायला सांगितलंय म्हणून आपणहून चुकवायची नाही.