सोलापुरात घरी सुतारकाम करताय? मग आधी लाकडाची हालचाल समजून घ्या

घरच्या घरी छोटं सुतारकाम करायचंय आणि जमलं तर चार पैसे पण सुटावेत असं वाटत असेल तर मशीनच्या मागं लगेच लागू नका. बारीक दातांची करवत, अर्धा इंची आणि एक इंची पटाशी (लाकूड छिलायचं सपाट धारेचं हत्यार), लोखंडी रंधा, काटकोन तपासायचा गुण्या, चार क्लॅम्प, एवढ्यावर पाट, चौरंग, छोटा देव्हारा सगळं होतं. धार मात्र पाहिजेच. पाइनच्या तुकड्याच्या टोकाला, म्हणजे रेषा जिथं तुटतात तिथं, पटाशी चालवून बघा, पातळ साल निघाली तर धार आहे, चुरा पडला तर परत दगडावर घ्या.

लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात धरून गुणायचं आणि 144 नं भागायचं, म्हणजे 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 1 इंच जाड फळी पाव घनफूट. वखारीत जायच्या आधी हा हिशोब घरीच करून जा.

आता खरं काम. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही पण रुंदीला हलतं, पावसाळ्यात फुगतं आणि आपल्याकडं मार्चपासून हवा कोरडी पडली की आकसतं. माझा पहिला चौरंग मी श्रावणात केला, वरच्या फळ्या जोडून चारी बाजूनं फ्रेमला गोंद आणि स्क्रू मारून गच्च बसवल्या, दिसायला एकदम मस्त. एप्रिलमध्ये त्या काकूंचा फोन आला, "अहो, मधनं उकललाय की!" जाऊन बघितलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. फळ्यांना आकसायला जागाच ठेवली नव्हती मी. तेव्हापासून वरचा भाग फ्रेमला चिकटवत नाही, मधला स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंची फ्रेममधली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करतो. आणलेलं लाकूड मध्ये पट्ट्या ठेवून तीन-चार आठवडे खोलीतच रचून ठेवतो, टोकांना रंग लावतो कारण ओल तिथूनच भरभर जाते आणि चिरा पडतात.

गोंद लावायच्या आधी सगळं कोरडंच जुळवून बघा, उन्हाळ्यात फेव्हिकॉलवर साय लगेच धरते आणि मग धावपळ होते. सागवानाची धूळ घशाला बाधते, मास्क लावाच.

आणि हे नीट वाचा. जवसाचं तेल आपण चटणीच्या जवसामुळं घरचंच समजतो, पण फिनिशला ते वापरलं की भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. तारेवर एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. पत्र्याच्या खोलीत तर यात अजिबात हयगय नको.

भाव सांगताना लाकडाबरोबर तुमचे तास पण धरा, निम्मा ॲडव्हान्स घ्या. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी नेमक्या पावसाळ्यात येतात, तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, म्हणून देव्हाऱ्याच्या दाराची फळी चौकटीच्या खाचेत जवळजवळ पुरती बसवली तरी चालते. तेच दार एप्रिलमध्ये करत असाल तर खाचेत दोन्ही कडांना थोडी फट ठेवा, नाहीतर जुलैत फळी फुगून चौकटीचे सांधे उघडते.